लॉक धरून कुणाची वाट बघताय? वजनकाट्याच्या ड्रायव्हरमधले तीन डेडलॉक

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत वजनकाट्याचे इंडिकेटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने लिनक्सवर चालणारं कार्ड तयार केलं आहे. लोडसेलचा (वजनाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल 24 बिटांच्या एडीसीतून, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपमधून, एसपीआय या जोडणीवर येतो. सेकंदाला 80 रीडिंग, आणि प्रत्येक रीडिंग तयार झालं की एक इंटरप्ट, म्हणजे चालू काम अडवून प्रोसेसरला दिलेला इशारा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, 5.10. ड्रायव्हर कंपनीतच लिहिलेला: एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारी दोन लॉक, एक म्यूटेक्स आणि एक स्पिनलॉक; रीडिंगचा गोल फिरून भरला जाणारा रिंग बफर एममॅपने, म्हणजे तीच मेमरी थेट दाखवून, प्रोग्रॅमला दिलेला; झीरो (रिकाम्या काट्याचं वजन शून्य धरणं) आणि कॅलिब्रेशन आयओसीटीएलमधून, म्हणजे प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेल्या आज्ञांमधून. टेबलावर महिनाभर सुरळीत चाललं. साखर कारखान्याच्या काट्यावर बसवल्यावर मात्र गळीत हंगामात आठवड्यातून एक-दोनदा अडकतं. कधी फक्त काट्याचा प्रोग्रॅम थांबतो आणि किल -9 लाही दाद देत नाही, कधी अख्खं कार्ड गार. ड्रायव्हरचं मॉड्यूल काढायला आरएममॉड ही आज्ञा दिली तर कधीकधी तीही परत येत नाही. टेबलावरचं कार्ड एका कोअरचं, साइटवरचं चार कोअरचं. ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर जाते आणि वीज बंद-चालू करण्यापलीकडे ऑपरेटरला काही सुचत नाही. कंपनीने प्रश्नासोबत कोड पाठवला आहे, पुढचं 'तुम्ही' त्यांनाच उद्देशून आहे.

कोडमध्ये एक नाही, तीन वेगवेगळे डेडलॉक आहेत, म्हणजे दोघे एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतात अशा तीन जागा. तिघांची लक्षणं एकमेकांत मिसळल्यामुळे 'एकच बग, कधी असा वागतो, कधी तसा' असं वाटतंय. म्हणून दुरुस्तीआधी लक्षणं वेगळी करा.

म्यूटेक्सवर अडकलेलं काम झोपतं. बाकीचं मशीन जिवंत असतं: पिंगला उत्तर येतं, एसएसएच होतं, पीएसमध्ये प्रोग्रॅमसमोर 'डी' दिसतो. 120 सेकंद उलटले की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, 'टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन 120 सेकंड्स' अशी ओळ आणि तिच्याखाली स्टॅक (काम कुठल्या फंक्शनांतून जात कुठे थांबलंय त्याची यादी) येतो. स्पिनलॉकवर अडकलेलं काम झोपत नाही, कोअर अडवून फिरत राहतं. ते प्रोसेसच्या बाजूला फिरत असेल तर 20 सेकंदांच्या पुढे 'सॉफ्ट लॉकअप'ची ओळ येते. पण इंटरप्ट हँडलरच्या आत फिरत असेल तर त्या कोअरवर टायमरचा इंटरप्टसुद्धा पोचत नाही, त्यामुळे ती ओळही येत नाही. अशा वेळी दुसरा कोअर 21 सेकंदांनी 'आरसीयू स्टॉल'ची, म्हणजे एक कोअर प्रतिसाद देत नसल्याची, तक्रार लिहितो आणि मग एकेक काम त्या मेलेल्या कोअरची वाट बघत थांबत जातं. 'अख्खं कार्ड गार' म्हणजे बहुतेक हेच. त्या अवस्थेत लॉग एसडी कार्डावर लिहिला जाईल याचा भरवसा नाही, म्हणून सीरियल कन्सोल जोडून दुसऱ्या मशीनवर नोंद ठेवा, नाहीतर रॅमऊप्स (शेवटच्या नोंदी रॅमच्या राखीव भागात ठेवणारी सोय) चालू करा म्हणजे रीसेटनंतर शेवटच्या ओळी वाचता येतील. मात्र वीज पूर्ण तोडली तर रॅममधलं जातं, रीसेटच द्यायचा हे ऑपरेटरला सांगून ठेवा.

प्रोग्रॅम अडकलेला पण मशीन जिवंत असेल तर वीज बंद करण्याआधी दोन मिनिटं घ्या. रूट होऊन /proc/sysrq-trigger (प्रोक-सिसआरक्यू-ट्रिगर) या फाइलमध्ये 'w' (डब्ल्यू) हे एक अक्षर लिहा. डी अवस्थेतल्या सगळ्या कामांचे स्टॅक डीमेसेजमध्ये येतात. एकाच कामाचा स्टॅक बघून डेडलॉक कळत नाही, कोण कुणाची वाट बघतोय हे सगळे स्टॅक शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

आता पहिला डेडलॉक, कार्ड गार पाडणारा. तुमचा हार्ड हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्याक्षणी चालणारं फंक्शन, रिंग बफरचा इंडेक्स आणि वेळ नोंदवताना स्पिनलॉक घेतो. झीरोच्या आयओसीटीएलमध्येही तेच लॉक घेतलंय, पण साध्या स्पिन_लॉकने. आयओसीटीएल एका कोअरवर लॉक धरून आहे, तेवढ्यात त्याच कोअरवर एडीसीचा इंटरप्ट आला. हँडलर लॉक मागतो, लॉक धरणारा त्याच हँडलरच्या खाली दबलेला आहे, हँडलर संपल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही आणि लॉक मिळाल्याशिवाय हँडलर संपणार नाही. इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर आला असता तर तो हँडलर काही मायक्रोसेकंद फिरला असता आणि लॉक सुटल्यावर पुढे गेला असता, कुणाला कळलंही नसतं.

हे टेबलावर का दिसलं नाही याची दोन कारणं. एका कोअरसाठी बांधलेल्या, म्हणजे एसएमपी (अनेक कोअरची सोय) बंद असलेल्या कर्नलमध्ये स्पिन_लॉक जवळपास काहीच करत नाही, फार तर प्रीएम्प्शन थांबवतं. फिरत बसायला तिथे लॉकच नाही. तिथे हा बग हँग होत नाही, गुपचूप इंडेक्स बिघडवतो. दुसरं कारण साधं गणित आहे. समजा लॉक 5 मायक्रोसेकंद धरलं जातं. सेकंदाला 80 इंटरप्ट, म्हणजे त्या फटीत इंटरप्ट येण्याची शक्यता 2500 मध्ये 1. तो चार कोअरपैकी नेमक्या त्याच कोअरवर यायला हवा, म्हणजे 10,000 मध्ये 1. दिवसाला 750 वाहनं, भरलेलं आणि रिकामं अशी दोन वजनं, प्रत्येक वजनाआधी झीरो, म्हणजे 1500 वेळा. आठवड्याला साधारण एकदा हँग. टेबलावर चार कोअरचं कार्ड असतं तरी दिवसाला पन्नास वेळा झीरो दाबून हे सापडायला सहा महिने लागतील. बऱ्याच एआरएम बोर्डांवर सगळे इंटरप्ट कोअर 0 वरच येतात, तेव्हा प्रोग्रॅम कोअर 0 वर चालला की शक्यता आणखी वाढते. प्रोक-इंटरप्ट्स उघडलं की कुठल्या कोअरवर किती आले ते दिसतं.

दुरुस्ती: प्रोसेसच्या बाजूला सगळीकडे स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा. हार्ड हँडलर इंटरप्ट बंद असतानाच चालतो, त्यामुळे तिथे साधं स्पिन_लॉक पुरतं. कुठला प्रकार वापरायचा हे तुम्ही आत्ता ज्या फंक्शनमध्ये आहात त्यावरून ठरत नाही. त्या डेटाला हात लावणाऱ्यांमध्ये सगळ्यात आडवा येणारा कोण, त्यावरून ठरतं. हार्ड इंटरप्ट असेल तर आयआरक्यूसेव्ह, फक्त सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टचं कर्नलने थोडं नंतरवर टाकलेलं काम) किंवा टायमर कॉलबॅक असेल तर स्पिन_लॉक_बीएच, सगळेच प्रोसेसच्या बाजूचे असतील तर म्यूटेक्स.

आयआरक्यूसेव्ह वापरताना इंटरप्टची आधीची अवस्था ठेवणारं फ्लॅग्जचं व्हेरिएबल अनसाइन्ड लाँगच हवं, आणि ते लोकल हवं. तुमच्या कोडमध्ये ते डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवलंय. तेच व्हेरिएबल दुसऱ्या कुणीही वापरलं तर त्याची अवस्था तुमच्या कोअरवर लागू शकते. तसंच, कॅलिब्रेशनच्या एका फंक्शनमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यू आहे आणि ते आधीच इंटरप्ट बंद असलेल्या ठिकाणाहून बोलावलं जातं. सोडताना ते इंटरप्ट सरसकट चालू करतं, आधी काय अवस्था होती ते बघत नाही. बाहेरच्या फंक्शनला वाटतं आपण अजून सुरक्षित आहोत. हा डेडलॉक तिथे न होता दुसरीकडे होतो, म्हणून शोधायला फार वेळ खातो.

दुसरा डेडलॉक प्रोग्रॅम अडकवणारा, आणि याच्यावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण तो तुमच्या फाइलमध्ये डोळ्यांनी दिसणारच नाही. तुमच्याकडे म्यूटेक्स एकच आहे. एकाच लॉकचा उलटसुलट क्रम कसा लागेल, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण दुसरं लॉक कर्नलचं आहे: एममॅप_लॉक, जे 5.8 च्या आधी एममॅप_सेम नावाने होतं. प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाला ते एक असतं.

पावती छापणारा थ्रेड आयओसीटीएल करतो. ड्रायव्हर म्यूटेक्स घेतो, वजनाचा स्ट्रक्चर भरतो आणि म्यूटेक्स हातात असतानाच कॉपी_टू_यूजर करतो, म्हणजे माहिती प्रोग्रॅमच्या मेमरीत उतरवतो. त्याच क्षणी त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड, पडद्यावर वजन दाखवणारा, नव्याने एममॅप करतो. तुम्ही दर पाळीला तो थ्रेड पुन्हा चालू करता, म्हणजे हे रोज होतं. एममॅपची सिस्टिम कॉल आली की कर्नल आधी एममॅप_लॉक लिहिण्यासाठी घेतं आणि मग तुमच्या ड्रायव्हरचं एममॅप फंक्शन बोलावतं. तुमचं फंक्शन पहिल्याच ओळीत म्यूटेक्स मागतं. तो पावतीच्या थ्रेडकडे आहे, म्हणून थांबलं. इकडे पावतीच्या थ्रेडचा कॉपी_टू_यूजर मेमरीच्या ज्या पानावर (तुकड्यावर) लिहितोय ते पान प्रत्यक्ष रॅममध्ये नाही. पेज फॉल्ट झाला, म्हणजे ते पान कर्नलला आधी आणावं लागणार, आणि फॉल्टला एममॅप_लॉक वाचण्यासाठी हवं, ते दुसऱ्या थ्रेडने लिहिण्यासाठी धरलंय. दोघेही थांबले ते कायमचे. म्यूटेक्स_लॉक सिग्नलला उठत नाही आणि 5.10 मध्ये कर्नलच्या बाजूने झालेल्या फॉल्टची ही वाटही सिग्नलला उठत नाही, म्हणून किल -9 वाया जातो. पीएस किंवा टॉपसारखं काही चालवलं आणि त्याने या प्रोसेसची कमांडलाइन वाचायचा प्रयत्न केला, तर तेही त्याच एममॅप_लॉकवर अडकू शकतं. 'पीएससुद्धा हँग झालं' असं ऑपरेटरने कळवलं असेल तर त्याचा अर्थ हा.

पान मेमरीत असेल तर फॉल्ट होत नाही आणि डेडलॉकही नाही. नुकताच मॅलॉक केलेला मोठा बफर ज्याला अजून हात लागलेला नाही, फोर्कनंतर वाटून घेतलेलं पान, मेमरी कमी पडल्याने काढून घेतलेलं पान, अशा वेळीच फॉल्ट येतो. टेबलावर एकच बफर पुन्हा पुन्हा वापरला जायचा. साइटवर पावती, कॅमेरा आणि डेटाबेस यांनी मिळून मेमरी भरलेली असते.

उपाय सोपा आहे आणि तो सवयीचाच करून टाका. म्यूटेक्स घ्या, हवी ती माहिती लोकल स्ट्रक्चरमध्ये उतरवा, म्यूटेक्स सोडा, मग कॉपी_टू_यूजर करा. लिहिण्याच्या बाजूला उलट: आधी कॉपी_फ्रॉम_यूजर, तपासणी, मग म्यूटेक्स. स्ट्रक्चर मोठा असेल तर स्टॅकवर ठेवू नका, 64 बिटांच्या एआरएमवर कर्नल स्टॅक 16 केबीचा असतो आणि 32 बिटांवर 8 केबीचाच. लॉक घेण्याआधी केमॅलॉकने मेमरी मागून घ्या. आणि तुमच्या एममॅप फंक्शनमध्ये म्यूटेक्सची गरजच नाही. बफर प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर जोडला जाताना, एकदा घेतलेला आहे, त्याचा पत्ता आणि आकार नंतर बदलत नाहीत. न बदलणाऱ्या गोष्टीला लॉक लागत नाही.

तिसरा डेडलॉक आरएममॉडचा. ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये म्यूटेक्स धरून फ्री_आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट सोडून देणारं फंक्शन, बोलावलंय. फ्री_आयआरक्यू हँडलर संपेपर्यंत आणि इंटरप्टचा थ्रेड (हँडलरचं झोपू शकणारं उरलेलं काम करणारा) थांबेपर्यंत परत येत नाही. थ्रेडमध्ये एसपीआयवरून रीडिंग आणण्याआधी तुम्ही तोच म्यूटेक्स घेता. रिमूव्ह थ्रेडची वाट बघतं, थ्रेड म्यूटेक्सची. सिसआरक्यूच्या स्टॅकमध्ये आरएममॉड आणि इंटरप्टचा कर्नल थ्रेड शेजारीशेजारी डी अवस्थेत दिसतील.

या प्रकाराला लॉकचा क्रम लावून उपाय नाही, कारण एका बाजूला लॉकच नाही, नुसती वाट आहे. अशी 'थांबून वाट बघणारी' फंक्शनं ओळखून ठेवा: फ्री_आयआरक्यू, डिसेबल_आयआरक्यू, सिंक्रोनाइझ_आयआरक्यू, कॅन्सल_वर्क_सिंक, फ्लश_वर्कक्यू, डेल_टायमर_सिंक, यूएसबीच्या ड्रायव्हरमध्ये यूएसबी_किल_यूआरबी, आणि सिसएफएसची (ड्रायव्हरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सोयीची) फाइल काढून टाकणारं डिव्हाइस_रिमूव्ह_फाइल. शेवटचं नाव बघून अनेकांना आश्चर्य वाटतं. त्या फाइलचं शो (वाचण्याचं) किंवा स्टोअर (लिहिण्याचं) फंक्शन कुणी वापरत असेल तर काढणारा ते संपेपर्यंत थांबतो. शोमध्ये म्यूटेक्स, रिमूव्हमध्ये तोच म्यूटेक्स धरून फाइल काढणं, की झालं. डिसेबल_आयआरक्यू तर स्वतःच्याच हँडलरमधून बोलावलं तरी अडकतं, कारण ते त्याच हँडलरच्या संपण्याची वाट बघतं. तिथे डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक वापरायचं.

रिमूव्हमध्ये पद्धत अशी ठेवा. लॉक घेऊन 'आता बंद होतोय' असा फ्लॅग लावा, लॉक सोडा. हार्डवेअरचा इंटरप्ट चिपमध्ये बंद करा. मग लॉक हातात नसताना फ्री_आयआरक्यू, टायमर, वर्क, सगळे थांबवा. ते थांबल्यावर डेटाला हात लावणारं आतलं कुणी उरत नाही, तेव्हा बफर मोकळा करायला लॉक लागत नाही. वर्क स्वतःला पुन्हा रांगेत लावत असेल तर तो फ्लॅग बघून थांबेल याची खात्री करा. डेव्हएम (घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारी कर्नलची सोय) वापरत असाल तर एक जपा: डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह संपल्यानंतर सुटतो. रिमूव्हमध्ये बफर हाताने मोकळा केलात तर मधल्या वेळात येणारा इंटरप्ट मोकळ्या मेमरीत लिहील. घेतलेल्या क्रमाच्या उलट सोडायचं, आणि एक तर सगळं डेव्हएमने, नाहीतर सगळं हाताने. शिवाय प्रोग्रॅमने डिव्हाइसची फाइल उघडलेली असेल तर आरएममॉड नकार देतो, पण सिसएफएसमधून अनबाइंड केलं तर कुणी अडवत नाही, तोही मार्ग तपासा.

तीनही ठिकाणी मूळ दोष एकच आहे. अभियांत्रिकीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात डेडलॉकच्या चार अटी विचारतात, कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांच्या 1971 च्या लेखातल्या. बहुतेकांना उत्तरात शेवटची अट, म्हणजे वर्तुळाकार वाट, तेवढी लक्षात राहते आणि उपाय म्हणून लॉकचा क्रम. क्रम हवाच. दोन लॉक लागणार असतील तर स्ट्रक्चरच्या वर कॉमेंटमध्ये लिहा की आधी कुठलं, नंतर कुठलं, आणि एकाच जातीची दोन लॉक लागली तर पत्त्याने लहान असलेलं आधी. पण ड्रायव्हरमध्ये दुसरी अट जास्त कामाची आहे: धरून वाट बघणे. तुमची स्वतःची लॉक दोनच असतात, कर्नलची दिसत नाहीत, आणि त्यांचा क्रम तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की आपलं लॉक धरलेलं असताना बाहेरचं काही बोलवायचं नाही. कोड पुन्हा वाचताना लॉक आणि अनलॉकच्या मधल्या प्रत्येक कॉलवर बोट ठेवा आणि विचारा: हा थांबतो का, आणि थांबला तर ज्याच्यासाठी थांबतो त्याला माझं लॉक लागतं का?

हाच प्रश्न रनटाइम पीएमला, म्हणजे वापर नसताना चिप झोपवणाऱ्या सोयीला, लावला की आणखी एक जागा सापडते. आयओसीटीएलमध्ये म्यूटेक्स धरून पीएम_रनटाइम_गेट_सिंक (चिप जागी करणं) केलंत आणि रिझ्यूम कॉलबॅकमध्ये तोच म्यूटेक्स घेतलात, तर चिप झोपलेली असेल तेव्हाच, म्हणजे काही वेळ गाडी आली नाही की पुढच्या पहिल्या गाडीला, प्रोग्रॅम स्वतःशीच अडकेल. तुमच्या कोडमध्ये रिझ्यूम अजून रिकामं आहे, भरताना लक्षात ठेवा. रीड फंक्शनमध्ये म्यूटेक्स धरून वेट_इव्हेंट (नवं रीडिंग येईपर्यंत झोपणं) करू नका, कारण ज्या थ्रेडने वेकअप द्यायचा त्याला आधी तोच म्यूटेक्स लागतो. सोडा, थांबा, परत घ्या आणि अट पुन्हा तपासा. ही शेवटची पायरी गाळू नका. लॉक सोडून परत घेतल्यावर मधल्या काळात झीरो बदललेला असू शकतो, आणि जुना झीरो नव्या रीडिंगला लावला तर वजन चुकतं.

स्पिनलॉक धरून झोपणाऱ्या गोष्टी तुमच्याकडे दोन आहेत. जीएफपी_कर्नलने (मेमरी मिळेपर्यंत झोपू देणाऱ्या प्रकाराने) केमॅलॉक, आणि एसपीआय ट्रान्सफर. केमॅलॉक लॉकच्या आधी हलवा. जीएफपी_अ‍ॅटॉमिक हा पर्याय आहे, पण तो मेमरी कमी असताना सहज नकार देतो, तेव्हा जागा बदलता येत असेल तर जागाच बदला. एसपीआय आणि आयटूसीच्या सिंक ट्रान्सफर झोपतात, म्हणून त्या थ्रेडेड हँडलरमध्ये आणि म्यूटेक्सखालीच. तीच गोष्ट आयटूसी एक्स्पांडरवरच्या जीपीआयओची, तिथे 'कॅनस्लीप' शेपूट असलेली फंक्शनं लागतात. क्लॉक_प्रिपेअर झोपू शकतं, क्लॉक_एनेबल झोपत नाही. रजिस्टर पोल करणारं रीडएल_पोल_टाइमआउट झोपतं, त्याचं 'अ‍ॅटॉमिक' शेपटाचं भावंड झोपत नाही. प्रिंटके झोपत नाही, पण 115200 बॉडच्या सीरियल कन्सोलवर सेकंदाला 11,520 अक्षरं जातात, म्हणजे 80 अक्षरांच्या एका ओळीला जवळजवळ 7 मिलिसेकंद. इंटरप्ट बंद ठेवून तशा दोन ओळी छापल्यात की तुमचं एक रीडिंग हुकलं, कारण दोन रीडिंगमध्ये अंतर साडेबारा मिलिसेकंदांचंच आहे.

एरर आली की लॉक न सोडता परत जाणारे दोन रिटर्न कॅलिब्रेशनच्या फंक्शनमध्ये आहेत. एकच बाहेर जाण्याची जागा ठेवा आणि गोटोने तिथे या. 6.5 पासून कर्नलमध्ये गार्ड हा मॅक्रो आहे, तो स्कोप संपला की लॉक आपोआप सोडतो. 5.10 मध्ये तो नाही. ट्रायलॉकची (न थांबता, मिळालं तरच लॉक घेणाऱ्या फंक्शनांची) परत येणारी किंमतही बघून घ्या: म्यूटेक्स_ट्रायलॉक आणि स्पिन_ट्रायलॉक लॉक मिळालं तर 1 देतात, सेमाफोरचं डाउन_ट्रायलॉक मिळालं तर 0 देतं. जुना सेमाफोर बदलून म्यूटेक्स केलात तेव्हा एका ठिकाणी अट उलटी राहिली आहे.

आता हे सगळं पुन्हा साइटवर न जाता पकडायचं कसं. लॉकडेप हा लॉक कुठल्या क्रमाने घेतली जातात ते तपासणारा कर्नलचाच भाग 2006 मध्ये 2.6.18 पासून कर्नलमध्ये आहे आणि तो न वापरता ड्रायव्हर ग्राहकाकडे पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. चाचणीचं वेगळं कर्नल बांधा आणि त्यात कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग, कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप आणि कॉन्फिग_डिटेक्ट_हंग_टास्क चालू करा. पहिले दोन एकत्रच ठेवा. दोन्ही असतील तर कॉपी_टू_यूजर प्रत्येक वेळी लॉकडेपला सांगतं की 'मी एममॅप_लॉक घेऊ शकतो', मग पेज फॉल्ट खरोखर होवो न होवो. तुमचा दुसरा डेडलॉक अशाने एका आयओसीटीएलमध्ये आणि एका एममॅपमध्ये पकडला जातो, दोन्ही एकाच वेळी व्हायचीही गरज नाही. लॉकडेप प्रत्यक्ष अडकण्याची वाट बघत नाही. आज सकाळी अ नंतर ब घेतलं आणि संध्याकाळी ब नंतर अ, एवढ्यावर तो तक्रार करतो. हे कर्नल हळू चालतं, म्हणून काट्यावर नको, टेबलावर. आणि टेबलावर चार कोअरचंच कार्ड ठेवा.

रिपोर्ट वाचायची रीत: 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी' आला तर सुरुवातीला कोण कुठलं लॉक मागतोय आणि त्याच्या हातात कुठलं आहे ते दिलेलं असतं. खाली साखळी उलट्या क्रमाने येते. दोनच लॉकच्या साखळीत #0 खालचा स्टॅक आत्ताचा, #1 खालचा स्टॅक पूर्वी कधी तरी उलट्या क्रमाने गेलेल्याचा. आधी #1 बघा, कारण दोषी ओळ बऱ्याचदा तिकडे असते आणि लोक #0 कडेच बघत बसतात. पहिल्या डेडलॉकसाठी 'इनकन्सिस्टंट लॉक स्टेट' येईल आणि 'इन-हार्डआयआरक्यू' व 'हार्डआयआरक्यू-ऑन' हे दोन शब्द दिसतील: एकदा हँडलरमध्ये घेतलं, एकदा इंटरप्ट चालू असताना घेतलं.

दोन गोष्टींनी लॉकडेप गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं कोड स्वच्छ आहे. पहिला रिपोर्ट छापला की तो स्वतःला बंद करतो. तो दुसऱ्याच कुणाच्या ड्रायव्हरचा असला तरी. म्हणून चाचणी संपल्यावर प्रोक-लॉकडेप_स्टॅट्समध्ये डीबग_लॉक्ससमोर 1 आहे का बघा. दुसरं, मॉड्यूलचं लायसन्स जीपीएलशी सुसंगत नसेल तर लॉकडेपची मदत मिळत नाही, असं मॉड्यूल आलं की कर्नल तो बंद करतं. आणि तो सगळं बघतही नाही. कॅन्सल_वर्क_सिंक आणि डेल_टायमर_सिंकच्या वाटा तो धरतो, पण वेट_इव्हेंट किंवा कम्प्लिशनची (दुसऱ्याचं काम झाल्याच्या इशाऱ्याची) वाट 5.10 मध्ये त्याच्या हिशेबात नाही. तुमचा फ्री_आयआरक्यूचा डेडलॉक त्यामुळे त्याला दिसणार नाही, तो चाचणीतच पकडावा लागेल: रीडिंग चालू असताना मॉड्यूल हजार वेळा लोड-अनलोड करणारी साधी स्क्रिप्ट, रात्रभर.

फट मोठी करायची युक्ती इथे कामाची आहे. संशय असलेल्या लॉकच्या आत चाचणीपुरता एमडिले 20, म्हणजे 20 मिलिसेकंदांचा थांबा, टाका. इंटरप्ट दर साडेबारा मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे फटीत तो येणारच. मग इंटरप्टची एसएमपी_अ‍ॅफिनिटी कोअर 0 ला बांधा आणि टास्कसेटने प्रोग्रॅमही कोअर 0 ला बांधा. आठवड्याला एकदा येणारा हँग पहिल्याच झीरोला येईल. दुरुस्तीनंतर त्याच अवस्थेत रात्रभर चालवा, तो आला नाही तर दुरुस्ती खरी. एमडिले काढायला विसरू नका.

फंक्शनांच्या सुरुवातीला लॉकडेप_असर्ट_हेल्ड लिहा, जिथे 'बोलावणाऱ्याने लॉक धरलेलं असावं' अशी कॉमेंट तुम्ही लिहिली आहे तिथे सगळीकडे. कॉमेंट कुणी तपासत नाही, असर्ट तपासलं जातं. पुढे रिअलटाइम कर्नलवर जायचा विचार असेल, आणि 6.12 पासून ते मुख्य कर्नलमध्येच आलं आहे, तर तिथे साधं स्पिनलॉक झोपणारं होतं. खऱ्या हार्ड हँडलरमध्ये मग रॉ_स्पिनलॉक लागतं आणि ते फार थोड्या ओळींपुरतं धरायचं.

'सरळ लॉकच काढून टाकलं तर' असा पर्याय तुम्ही विचारला आहे. नको. हँग दिसतो, चुकीचं वजन दिसत नाही. इंडेक्स एका रीडिंगचा आणि झीरो दुसऱ्या क्षणाचा घेऊन छापलेली पावती बरोबर दिसेल, आणि शेतकऱ्याचं ऊसबिल त्याच पावतीवर निघेल.

नवीन ड्रायव्हर तपासून होईपर्यंत हंगाम थांबणार नाही, म्हणून साइटवर आजच एवढं करा. कर्नल.हंग_टास्क_टाइमआउट_सेक्स 30, कर्नल.हंग_टास्क_पॅनिक 1, कर्नल.पॅनिक_ऑन_आरसीयू_स्टॉल 1, कर्नल.पॅनिक 10. अडकलं की कार्ड स्वतः पॅनिक होऊन दहा सेकंदांत रीबूट होईल आणि स्टॅक रॅमऊप्समध्ये राहील. बोर्डावर हार्डवेअर वॉचडॉग (सिस्टिम गप्प झाली की कार्ड रीसेट करणारी घड्याळ-चिप) असेल तर तोही चालू करा, पॅनिकपर्यंतही न पोचणाऱ्या प्रसंगासाठी. मात्र चालू होताना आपोआप झीरो घेण्याची सोय आधी बंद करा. रीबूट झाला तेव्हा प्लॅटफॉर्मवर भरलेली ट्रॉली उभी असेल तर तिचंच वजन शून्य धरलं जाईल. शेवटचा झीरो फाइलमध्ये ठेवून तोच परत लावा, आणि नवा झीरो प्लॅटफॉर्म रिकामा असल्याचं ऑपरेटरने बटण दाबून सांगितल्यावरच घ्या.